पाटाखालचा गहू : बारामती-इंदापूरचे वाण आणि त्यांच्या दाण्यातील प्रथिने

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर या तालुक्यांच्या शेतीचा इतिहास आजवर मुख्यतः ऊस, कालवा आणि सहकार या तीन अंगांनी मांडला गेला आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण गेल्या शतकभरात या भागाचे अर्थकारण ज्या पिकाने घडवले ते ऊसच होय. गहू हे येथील दुय्यम पीक. भाकरीसाठी ज्वारी, रोख पैशासाठी ऊस आणि सणावारासाठी गहू अशी पिकांची वाटणी येथे दीर्घकाळ चालत आली. तथापि या दुय्यम पिकाच्या दाण्यात साठवलेल्या प्रथिनांचा आणि त्या प्रथिनांतील वाणागणिक आढळणाऱ्या फरकांचा मागोवा घेतला, तर जमीन, पाणी, बाजार आणि स्वयंपाकघर यांनी मिळून एका धान्याची निवड कशी केली, आणि ती करताना काय राखले व काय गमावले, याचा बराच उलगडा होतो. गव्हाच्या वाणांतील विविधतेचा हा ऱ्हास १९६० च्या दशकातील बुटक्या गव्हांनी एका झटक्यात घडवून आणला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बारामती-इंदापूरचा इतिहास मात्र त्याची सुरुवात बरीच आधी, कालव्याच्या पहिल्या पाण्याबरोबरच झाल्याचे दाखवतो.

हा सारा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस येथे पोहोचेपर्यंत वार्षिक सुमारे ५०० मिलिमीटरवर येतो, तोही बेभरवशाचा, आणि त्यातील मोठा वाटा भाद्रपद-आश्विनात पडणाऱ्या परतीच्या सरींचा. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा आणि बारामतीजवळून वाहणारी कऱ्हा या नद्यांच्या काठी खोल काळी जमीन आहे, तर दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर उथळ, मुरमाड बरड पसरलेले आहे. जमिनीच्या या विषमतेची पहिली पद्धतशीर नोंद इंदापूर तालुक्यातच झाली. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी जमिनीचा रंग व खोली पाहून तिची प्रतवारी लावण्याची जी पद्धत येथे सुरू केली, ती पुढे सबंध मुंबई इलाख्याच्या सारापद्धतीचा पाया ठरली. त्या प्रतवारीचा हेतू महसुलाचा होता, पण गव्हाच्या इतिहासालाही ती उपयोगी आहे; कारण जिरायत गहू जेथे पिकू शकतो ती जमीन म्हणजे पावसाळ्यात मुरलेली ओल माघ महिन्यापर्यंत धरून ठेवणारी खोल काळी जमीन, आणि अशी जमीन या भागात मोजकीच होती. गव्हाची या खोऱ्यातील ओळख मात्र फार जुनी. याच जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीत जवाबरोबर गव्हाचेही दाणे मिळाले. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकातील त्या शेतकऱ्यांनीही पाणी अडवण्याची आणि पाट काढण्याची सोय केलेली होती, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

एकोणिसाव्या शतकात दख्खनमध्ये गव्हाची जी नावे रूढ होती त्यांत बक्षी, बनसी, काठा आणि खपली किंवा जोड ही प्रमुख होती. शेतकऱ्याच्या लेखी हे फरक दाण्याचा रंग, कुसळांचा रंग, पाण्याची गरज आणि दळणाचा गुण यांवर बेतलेले असत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर यांतील बनसी, बक्षी आणि काठा हे बहुतांशी कठीण दाण्याचे, म्हणजे ड्युरम वर्गातील गहू, तर खपली हा त्याहून प्राचीन असा, मळणीनंतरही दाण्याला तूस चिकटून राहणारा गहू. या दोन्ही वर्गांत गुणसूत्रांची संख्या २८ असते. आज पोळीचा म्हणून सर्वत्र विकला जाणारा मऊ गहू ४२ गुणसूत्रांचा असून, आठ-दहा हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडील प्रदेशात २८ गुणसूत्रांच्या गव्हाचा एका रानगवताशी संकर होऊन तो उद्भवला. त्या रानगवताकडून आलेला १४ गुणसूत्रांचा संच ‘ड’ संच म्हणून ओळखला जातो. बनसीत आणि खपलीत तो नाही. ही उणीव वरवर पाहता शास्त्रीय तपशिलाची बाब वाटते, पण रवा, शेवया आणि पुरणपोळी यांच्यासाठी वेगवेगळे गहू का लागतात याचे निम्मे उत्तर तिच्यात आहे. दाणा मऊ करणारी काही प्रथिने ‘ड’ संचातील जनुकांवरून तयार होतात. ती नसल्यामुळे ड्युरमचा दाणा काचेसारखा कठीण राहतो, जात्याखाली त्याचा भुगा न होता कणीदार रवा पडतो, आणि म्हणूनच बनसी रवा हा मराठी स्वयंपाकघरात गुणवत्तेचा दाखला बनला.

बीजसंचित प्रथिने म्हणजे काय, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. गव्हाच्या दाण्यात वजनाने साधारणतः १० ते १४ टक्के प्रथिने असतात, आणि दाण्याच्या पिठूळ भागातील प्रथिनांचा बहुतांश हिस्सा साठवणुकीचा असतो. कोंब फुटल्यावर, मूळ जमिनीत रुजून अन्न शोषू लागेपर्यंत, रोपाला नायट्रोजन पुरवणे हे त्यांचे नैसर्गिक काम. पिठात पाणी घालून ते मळले की हीच प्रथिने एकमेकांत गुंतून जो चिवट पदार्थ तयार होतो त्याला ग्लुटेन म्हणतात. इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी याने १७२८ मध्ये विद्वत्सभेपुढे मांडलेल्या आणि १७४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात कणीक पाण्याखाली मळून तिच्यातील पिठूळ भाग धुऊन टाकला आणि मागे उरलेला चिकट गोळा स्वतंत्र पदार्थ म्हणून दाखवला. मराठी घरांत कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, पिळून त्याचा चीक काढतात तेव्हा नेमकी उलट बाजू राखली जाते; चीक म्हणजे स्टार्च ठेवायचा आणि ग्लुटेनसह चोथा गुरांपुढे टाकायचा. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ऑसबोर्न याने १९०७ मध्ये गव्हाच्या प्रथिनांची जी वर्गवारी प्रसिद्ध केली तिच्यात ग्लुटेनचे दोन घटक वेगळे झाले. अल्कोहोलमध्ये विरघळणारे ते ग्लायडिन, आणि न विरघळणारे, मोठमोठ्या साखळ्यांत जोडलेले ते ग्लुटेनिन. स्थूलमानाने असे म्हणता येते की ग्लायडिनमुळे कणीक ताणली जाते आणि ग्लुटेनिनमुळे ती ताण सोडला की मागे येते. पुरणपोळी लाटताना आवरण न फाटता पसरले पाहिजे, म्हणजे तेथे पहिल्या गुणाचे प्राबल्य हवे. भट्टीत फुगणाऱ्या पावाला आत अडकलेला वायू धरून ठेवायचा असतो, म्हणून तेथे दुसऱ्याचे.

गहू हे स्वपरागीत पीक असल्याने प्रत्येक झाडाची संतती बहुतेक त्याच्यासारखीच निघते, आणि त्यामुळे ‘बक्षी’ या एका नावाखाली एका शेतात नांदणारा गहू वस्तुतः अनेक शुद्ध वंशांचे मिश्रण असे. त्यातील काही वंश थंडी लांबली तर अधिक देत, काही ओल लवकर सरली तरी तग धरत, आणि त्यांच्या प्रथिनांची घडणही परस्परांहून भिन्न असे. बियाण्यासाठी शेतकरी जी कणसे निवडून ठेवी त्यांत टपोरेपणा, कुसळांचा रंग आणि दाण्याची चकाकी यांचा विचार असे. प्रथिनांचा विचार होई तो अप्रत्यक्षपणे, चुलीवरून. ज्या घरच्या गव्हाच्या शेवया हातावर वळताना तुटत नाहीत किंवा ज्याची खीर शिजल्यावरही दाणा राखते, त्या घरचे बी शेजारी उसने नेई. ही निवड कोणत्याही प्रयोगशाळेइतकी काटेकोर नव्हती, पण तिची एक मोठी जमेची बाजू होती: तिला एकाच मापाने सगळे गहू मोजायचे नव्हते.

तसे एकच माप लावण्याचा पहिला प्रयत्न व्यापारातून आला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, १८७३ मध्ये गव्हावरील निर्यात कर उठला, आणि भारतीय गहू युरोपच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला. इंग्लंडमधील गिरणीवाल्यांना पांढरा, मऊ गहू हवा होता. कठीण गव्हाला मागणी होती ती मुख्यतः मॅकरोनी करणाऱ्या इटलीसारख्या देशांतून. दख्खनचा पूर्व भाग या व्यापारात फारसा महत्त्वाचा नव्हता, कारण येथील शिल्लकच थोडी. परंतु गहू ‘चांगला’ म्हणजे कोणासाठी चांगला हा प्रश्न त्या काळापासून शेतीखात्याच्या कागदोपत्री शिरला आणि तो आजही पूर्णपणे सुटलेला नाही.

१८७६-७८ च्या दुष्काळाने या प्रदेशाची दिशा बदलली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७५ च्या मे महिन्यात, तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला होता. कर्ज, कोरडवाहू शेती आणि अवर्षण यांची सांगड सरकारला पुरती कळून चुकली होती. नीरेचे पाणी वीर येथे अडवून डाव्या काठाने पुरंदर, बारामती आणि इंदापूरकडे नेणाऱ्या सुमारे १०० मैलांच्या कालव्याचे काम दुष्काळी काम म्हणून सुरू झाले आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. या कालव्याला वर्षभर पाणी मिळावे म्हणून नीरेची उपनदी वेळवंडी हिच्यावर भाटघर येथे धरण बांधण्यात आले, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याच ठिकाणी त्याहून बरेच मोठे धरण उभे राहिले.

कालवा आखताना सरकारची अपेक्षा अशी होती की शेतकरी दुष्काळात धान्य वाचवण्यासाठी पाणी घेतील. परंतु पाऊस बरा झाला की ज्वारीला पाणी कोणी घेईना, कारण पाणीपट्टी द्यावी लागे आणि फायदा थोडा. आणि पाऊस हुकला की सगळ्यांनाच एकदम पाणी हवे होई. वर्षभर खात्रीने पाणी घेणारे आणि त्याचे पैसे देणारे पीक एकच होते, ते म्हणजे ऊस. सासवड भागातील माळी शेतकरी उसाचे आणि गुळाचे कसब घेऊन कालव्याकाठी उतरले, आणि एक-दोन पिढ्यांत कालव्याचा वरचा भाग बागायती झाला. पाण्याची ही ओढ आवरण्यासाठी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १८९९ मध्ये पुणे विभागात असताना ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली. तिच्यात जमिनीचे ठरावीक गट पाडून तिथल्या पिकांची फेरपालट व पाण्याची हमी दीर्घ मुदतीसाठी बांधून दिली जाई, आणि गटाच्या एका हिश्श्यातच ऊस घेता येई. उरलेल्या हिश्श्यात जी हंगामी पिके आली त्यांत गव्हाला आपले नवे स्थान मिळाले. आता तो ओलीवरचा जिरायत गहू राहिला नाही. तो उसाच्या फेरपालटीतला, सारे पाडून पाटाने भिजवलेला गहू झाला.

या बदलाचा वाणांवर झालेला परिणाम मोठा होता. जिरायत बक्षी आणि बनसी पाटाच्या पाण्याखाली उंच वाढून लोळत आणि तांबेऱ्याला बळी पडत. तांबेरा हा बुरशीजन्य रोग. आग्रा येथील कृ. चं. मेहता यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले की मैदानातील उन्हाळ्यात ही बुरशी जगत नाही. ती निलगिरी आणि पळणीसारख्या थंड डोंगरांत टिकून राहते आणि तेथून दरवर्षी वाऱ्याबरोबर उत्तरेकडे येते. द्वीपकल्पातील गव्हावर तांबेरा लवकर आणि जोराने येण्याचे कारण हेच, आणि भिजवलेल्या दाट पिकात तो अधिकच फोफावतो. अशा स्थितीत टिकून राहिली ती खपली. तिला पाणी मानवते, काळ्या तांबेऱ्यापुढे ती सहसा हार मानत नाही, आणि दख्खनच्या बागायतीत मोटेखाली, उसाच्या रानात तिची जागा आधीपासूनच होती. तिच्या या रोगप्रतिकारशक्तीची ख्याती मराठी मुलखापुरती राहिली नाही. अमेरिकेतील स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ मध्ये काळ्या तांबेऱ्याच्या निरनिराळ्या प्रजाती ओळखण्यासाठी जो १२ गव्हांचा कसोटीसंच ठरवला, त्यात ‘खपली’ याच नावाने भारतातून गेलेला गहू होता. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी खपलीचा संकर स्टाइनवेडेल या स्थानिक गव्हाशी करून ‘खपस्टाइन’ तयार केला, आणि खपलीपासून आलेले एक प्रतिकारक जनुक युगांडात उद्भवलेल्या तांबेऱ्याच्या उग्र प्रजातीविरुद्ध आजही उपयोगी ठरते. जगभरच्या रोपपैदासकारांनी खपली घेतली ती तिच्या रोगप्रतिकारासाठी. तिच्या दाण्यातील प्रथिनांकडे त्या काळी कोणाचे लक्ष नव्हते.

पाटाच्या पाण्याची दुसरी बाजू लवकरच उघडी पडली. निचरा नसलेल्या खोल काळ्या जमिनीत पाणी साचून क्षार वर आले आणि नीरेच्या खोऱ्यातील सखल शेते चोपण होऊ लागली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर जो अहवाल प्रसिद्ध केला, तो कालव्यानंतर अवघ्या २५ वर्षांत किती जमीन बिघडली होती याचा पुरावा आहे. थोडीफार खारवट जमीन गव्हाला चालते, त्यातही खपलीला. परंतु उसाने पैसा दिला म्हणून गहू उसामागून येणार आणि उसाने जमीन बिघडवली म्हणून गव्हाला बिघडलेली जमीन मिळणार, असा हा विचित्र व्यवहार होता. कालव्याने गव्हाचे क्षेत्र वाढवले, पण त्याच्या वाणांची संख्या वाढवली नाही, असाच निष्कर्ष काढावा लागतो. ओलीवर जगणाऱ्या मिश्र गव्हांची गरजच पाटाखालच्या पट्ट्यात संपत गेली.

याच सुमारास शास्त्रीय निवडीचे युग सुरू झाले. अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड यांनी १९०९ मध्ये भारतातील गव्हावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि मिश्र स्थानिक गव्हांतून एकेक शुद्ध वंश वेगळा काढून तो सर्वत्र पसरवण्याची पद्धत रूढ केली. मुंबई इलाख्यात या कामाचे केंद्र नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे १९३२ मध्ये सुरू झालेले गहू संशोधन केंद्र ठरले. ‘निफाड ४’ हा तेथील एक शुद्ध वंश, आणि केनियातील तांबेरारोधक गव्हाशी त्याचा संकर करून काढलेले ‘केनफाड’ वाण हे पुढचे पाऊल. बनसीच्याही क्रमांक दिलेल्या निवडी निघाल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फायदाच होता, कारण उत्पादन वाढले आणि रोग घटला. परंतु ज्या मिश्रणातून एक वंश उचलला त्यातील उरलेले वंश कोणी जपून ठेवले नाहीत. जे हरवले त्यातील थोडे परदेशी संग्रहांत आकस्मिकपणे वाचले. केंब्रिजचे वॉटकिन्स यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत जगभरच्या बाजारांतून गोळा केलेल्या गव्हांत भारतातील नमुन्यांची संख्या मोठी आहे.

१९५० नंतर बारामती-इंदापूरचे चित्र झपाट्याने पालटले. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथील साखर कारखाना १९३० च्या दशकातच उभा राहिला होता. आता भवानीनगर, माळेगाव आणि सोमेश्वर येथे सहकारी कारखाने निघाले आणि कालव्याचे बहुतेक सगळे पाणी उसाच्या वाटेला गेले. १९६५ नंतर मेक्सिकोतून आलेल्या बुटक्या गव्हांनी आणि त्यांच्यापासून निवडलेल्या कल्याणसोना, सोनालिका यांसारख्या वाणांनी उरलेले काम पुरे केले. हे गहू ४२ गुणसूत्रांचे, खताला प्रतिसाद देणारे, न लोळणारे होते. आणि त्यांचे तूस मळणीत सहज सुटत असल्याने उखळात कांडण्याचा खपलीचा त्रासही त्यांत नव्हता. पाटाखालच्या गव्हात खपलीचे जे स्थान होते ते गेले, आणि ती कृष्णाकाठच्या सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत व त्यापलीकडे बेळगाव-धारवाड-विजापूरच्या पट्ट्यात मागे सरली. तेथे तिला धारवाडच्या कृषी संशोधकांचा आश्रय मिळाला आणि ‘डीडीके’ मालिकेतील सुधारित खपली वाण तेथूनच निघाले.

गव्हाच्या प्रथिनांचा वाणागणिक अभ्यास शक्य झाला तो याच्याही नंतर. दाण्यातील प्रथिने विरघळवून, जेलीसारख्या पातळ थरातून विजेच्या प्रवाहाने ओढली, की लहान रेणू पुढे जातात आणि मोठे मागे राहतात, व रंग दिल्यावर प्रत्येक प्रथिनाची एक आडवी पट्टी उमटते. या तंत्राला जेल इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. केंब्रिजच्या वनस्पती पैदास संस्थेत पीटर पेन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून या पट्ट्यांचा आणि पावाच्या गुणवत्तेचा संबंध लावला. त्यांना असे दिसले की ग्लुटेनिनचे सर्वांत जड उपघटक, जे एकूण प्रथिनांच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतके असतात, तेच कणकेच्या ताकदीवर सर्वांत जास्त प्रभाव टाकतात. हे उपघटक पहिल्या गुणसूत्रगटाच्या तीन गुणसूत्रांवरील तीन जागी असलेल्या जनुकांवरून बनतात, आणि प्रत्येक जागी जनुकाची निरनिराळी रूपे आढळतात. १९८३ मध्ये पेन आणि लॉरेन्स यांनी प्रसिद्ध केलेल्या यादीत या तीन जागी अनुक्रमे ३, ११ आणि ६ रूपे होती, म्हणजे केवळ जड ग्लुटेनिनपुरत्याच १९८ जुळण्या संभवत होत्या. त्यात हलके ग्लुटेनिन आणि ग्लायडिनच्या डझनावारी पट्ट्या धरल्या, तर गव्हाच्या जवळजवळ प्रत्येक शुद्ध वंशाला आपली स्वतंत्र ओळख मिळते. या अर्थाने जेलवरचा पट्ट्यांचा आराखडा हा महसूल खात्याच्या सर्व्हे क्रमांकासारखा असतो.

तिसऱ्या जागेवरील, म्हणजे ‘ड’ संचातील, ५+१० या क्रमांकांच्या उपघटकांची जोडी पावासाठी उत्तम आणि २+१२ ही कमकुवत, असा पेन यांच्या मोजमापाचा गाभा होता, आणि १९८० च्या दशकात त्यावर आधारित गुणांकन जगभर स्वीकारले गेले. भारतातील जुन्या पोळीच्या गव्हांत २+१२ ही जोडी प्रामुख्याने आढळते, म्हणून या तराजूवर ते हलके ठरतात. परंतु पोळीची कणीक हाताने मळायची, पातळ लाटायची आणि तव्यावर मिनिटभरात भाजायची असते. तिला तन्यता हवी, पण लाटलेली पोळी आखडून घेणारी अतिरिक्त ताकद नको. पावाच्या तराजूने पोळीचा गहू तोलणे ही चूक विज्ञानाची नव्हे, तर विज्ञान कोणाच्या ताटासाठी केले याची आहे. बनसी आणि खपली यांना तर हा तराजू लागूच पडत नाही, कारण त्यांच्यात ती तिसरी जागाच नाही. त्यांच्या बाबतीत निर्णायक ठरतात ते हलके ग्लुटेनिन. फ्रान्समधील संशोधकांना १९७८ मध्ये असे आढळले होते की ज्या ड्युरम गव्हात गामा-ग्लायडिनची ४५ क्रमांकाची पट्टी असते त्याचे पास्ते शिजवल्यावर घट्ट राहतात आणि ४२ क्रमांकाची असलेल्यांचे लगदा होतात. पुढे असे कळले की खरा कर्ता त्या पट्टीशेजारी वास करणारे हलके ग्लुटेनिन आहे. ग्लायडिनची पट्टी ही केवळ खूण.

हे सारे संशोधन बारामतीच्या मातीशी जोडले गेले ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेमुळे. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीला १९९२ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. तिचे गव्हाचे प्रक्षेत्र बारामती तालुक्यात होळ-सोरटेवाडी येथे, म्हणजे नीरा डाव्या कालव्याच्याच लाभक्षेत्रात, उसाच्या सान्निध्यात आहे. ‘एमएसीएस’ हे संस्थेच्या मूळ इंग्रजी नावाचे आद्याक्षर लावलेले पोळीचे, ड्युरमचे आणि खपलीचेही वाण येथील वाफ्यांतून गेले आहेत. त्यांतील ‘एमएसीएस २९७१’ ही बुटकी, न लोळणारी खपली आहे, तर ‘एमएसीएस ४०२८’ या जिरायतीसाठीच्या ड्युरमच्या दाण्यात प्रथिनांचे प्रमाण सुमारे १४.७ टक्के मोजले गेले. याच संस्थेतील संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या वर्षांत भारतीय ड्युरम गव्हांतील जड व हलके ग्लुटेनिन आणि गामा-ग्लायडिन यांची रूपे नोंदवून त्यांचा ग्लुटेनच्या ताकदीशी असलेला संबंध तपासला. ज्या बनसीची ख्याती शेवयांवरून ठरत आली होती, तिच्या वर्गाचा गुण आता पट्ट्यांच्या क्रमांकांत मांडता येऊ लागला.

होळची हवाही या अभ्यासाला अनुकूल आहे, ती तिच्या प्रतिकूलतेमुळे. दख्खनमध्ये थंडी थोडी आणि आखूड. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी झाली नाही तर दाणा भरण्याचा काळ फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सापडतो. उन्हाच्या तडाख्यात स्टार्च कमी भरल्याने प्रथिनांची टक्केवारी वाढलेली दिसते, पण ग्लुटेनिनच्या लांब साखळ्या नीट जुळत नाहीत आणि ग्लायडिनचे तुलनात्मक प्रमाण वाढून कणीक सैल पडते. म्हणून येथे केवळ प्रथिनांच्या टक्केवारीवरून गव्हाची प्रत ठरवणे फसवे ठरते. ऊस तुटल्यावर उशिरा पेरल्या जाणाऱ्या गव्हाच्या बाबतीत तर ते विशेष खरे आहे. उष्णता, अवर्षण आणि क्षार अशा ताणांवर काम करण्यासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे, मुरमाड माळावर स्थापन केली, त्यामागचे कारण या जमिनीचा वर सांगितलेला इतिहासच आहे.

गेल्या काही वर्षांत खपलीला शहरी बाजारात पुन्हा मागणी आली असून ती साध्या गव्हापेक्षा चढ्या भावाने विकली जाते. या मागणीबरोबर एक चुकीचा समजही पसरला आहे. खपलीत ग्लुटेन नसते असे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. खपलीत ‘ड’ संचातील प्रथिने नाहीत, तिचे ग्लुटेन पोळीच्या गव्हापेक्षा सहसा कमी ताकदीचे असते, परंतु ग्लायडिन तिच्यातही भरपूर असते, आणि ज्यांना सीलिअॅक हा ग्लुटेनने उद्भवणारा आतड्याचा विकार आहे त्यांना ती वर्ज्यच आहे. चढ्या भावाबरोबर भेसळही येते, आणि एकदा तूस काढून दळल्यावर पिठावरून खपली ओळखणे डोळ्यांना शक्य नसते. तेथे जेलवरच्या पट्ट्या कामी येतात. ‘ड’ संचातील ग्लुटेनिनची पट्टी पिठात दिसली तर त्यात ४२ गुणसूत्रांचा गहू मिसळला आहे, हे निश्चित सांगता येते. आणि खपलीच्या नावाने विकलेले पीठ ड्युरमचे आहे की काय, हे ग्लायडिनच्या आराखड्यावरून तपासता येते. बारामतीच्या पाटाखालून जी खपली साठ वर्षांपूर्वी उसाने आणि सोनालिकेने बाहेर घालवली, तिचे बी त्याच पाटाच्या पाण्यावर होळच्या वाफ्यांत दर रब्बीला पेरले जाते, आणि कालव्याचे आवर्तन लांबले की त्याचीही पहिली पाळी चुकते.